मूल बोलेनासं झालं तर पालकांनी कुणाशी बोलायचं? १४४१६ वर फोन केल्यावर नेमकं काय होतं?

रात्रीचे साडेअकरा. नववीतल्या मुलाच्या खोलीचं दार बंद. जेवायला हाक मारली तर 'भूक नाही'. हॉलमध्ये आई-बाबा एकमेकांकडे बघत बसलेत. वयच तसं आहे म्हणून सोडून द्यायचं, की काही बिनसलंय? आणि एवढ्या रात्री विचारायचं तरी कुणाला?

त्यासाठी १४४१६ हा नंबर आहे. 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं. ज्याला त्रास होतोय त्यानेच फोन करायचा, असा अनेकांचा समज असतो. पण मुलाची काळजी वाटणारे पालकही फोन करू शकतात. वैतागून, थकून गेलेले पालक स्वतःसाठीही करू शकतात.

फोन केल्यावर काय होतं?

आधी भाषा निवडायची. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांसारख्या तज्ज्ञांशी जोडून देतात. प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर जवळ कुठे जायचं, तेही सांगतात. एका फोनने सगळं सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका. उद्या काय करायचं हे कळलं तरी पुष्कळ.

फोनआधी थोडं आठवून ठेवा: हे कधीपासून सुरू आहे, झोप आणि जेवण कसं आहे, शाळा-क्लास टाळतोय का, आवडता खेळ किंवा मित्र सुटलेत का. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे चालू असेल, तर 'मूड' म्हणून सोडू नका.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझा एम-थ्री राहिला, तेव्हा मीही असाच दार लावून बसलो होतो. आई ताट घेऊन बाहेर उभी. शेवटी तिने शेजारच्या काकूंना विचारलं, कारण त्यांच्या मुलाचाही राहिला होता! प्रत्येक घराशेजारी अशा काकू नसतात. आणि 'लोक काय म्हणतील' या भीतीने त्यांनाही विचारलं जात नाही.

मूल 'जगायचं नाही' म्हणालं तर?

सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतोय का?' विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि गावाकडे असाल तर फवारणीचं औषध कुलपात ठेवा. त्याने काही करून घेतलं असेल किंवा तसा धोका समोर दिसत असेल, तर समुपदेशनाच्या फोनमध्ये वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा किंवा ११२ लावा.

समोरासमोर बोलायचं असेल तर?

१० ते १९ वयोगटासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याअंतर्गत राज्यातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालतात. पाळीच्या तक्रारींपासून व्यसनापर्यंत सगळ्यावर तिथे सल्ला मिळतो. मुलगा 'मी वेडा आहे का?' म्हणत यायला तयार नसेल, तर आधी तुम्ही एकटे जाऊन बोलून या.

मुलावर अत्याचार होत असेल किंवा ते हरवलं असेल तर नंबर वेगळा आहे: १०९८, चाइल्ड हेल्पलाइन. तोही मोफत, चोवीस तास.