जंतूंचं खातं कोणतं?

पुण्यात २०२५च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गिलाँ-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा वाद रंगला तो पाणी की चिकन यावर. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. विहिरी, टँकर, आरओ केंद्रं, पोल्ट्री अशा सगळ्यांकडे बोटं दाखवून झाली. असे वाद निकाली काढणारी माणसं आपण कुठे आणि कशी घडवतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सुखाने नांदतो. तिला सहसा काही होत नाही. तिच्या अंगातली ऊब ४१-४२ अंशांची, आणि प्रयोगशाळेतही त्याला तेवढीच मानवते. शिवाय ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा बराच कमी हवा. जंतू वाढवायची नेहमीची प्लेट मोकळ्या हवेत ठेवली तर तो उगवतच नाही. माणसाच्या पोटात गेला की जुलाब होतात. क्वचित मात्र त्याच्या आवरणावरच्या शर्करा आपल्या नसांवरच्या शर्करांशी इतक्या जुळतात, की जंतूवर सुटलेली प्रतिकारशक्ती नसांवरच तुटून पडते. हाच जीबीएस. रुग्ण, विहीर आणि पोल्ट्री या तिन्हीकडचा जंतू एकच का, हे ठरवायचं तर तो तिन्हीकडून वाढवून त्याचे जनुकक्रम ताडून पाहावे लागतात. हे पीएचडीचं काम आहे: काही वर्षं आणि असंख्य प्लेटा, त्यातल्या बऱ्याच कोऱ्याच राहणाऱ्या.

आता हे काम करणारा विद्यार्थी शोधा. वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात, पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र नागपूरच्या ‘माफसू’ या पशुविज्ञान विद्यापीठात. एक वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, दुसरं पशुसंवर्धनाकडे. रुग्णांच्या नमुन्यांना एका नैतिकता समितीची परवानगी, प्राण्यांवरच्या प्रयोगाला दुसरीची, शिवाय जैवसुरक्षा समिती वेगळी. एमडी झालेला डॉक्टर त्याच पदवीवर प्राध्यापक होऊ शकतो, मग तो पीएचडीच्या वाटेला कशाला जाईल? एमव्हीएससी झालेला पशुवैद्य नेट काढून आला, तर फेलोशिप महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी झालेला त्याचा वर्गमित्र तोवर घराचे हप्ते भरत असतो. मग शहाणा गाइड सल्ला देतो: विषय आटोपशीर घे. डॉक्टरांकडचा विद्यार्थी आपल्या रुग्णालयातले नमुने तपासतो, पशुवैद्यांकडचा आपल्या तालुक्यातल्या गोठ्यातले. दोन्ही प्रबंध शेवटी वेगवेगळ्या ग्रंथालयांत जातात.

डॉक्टर आणि पशुवैद्य एकत्र बसल्यावर काय घडतं, याचं माझं लाडकं उदाहरण पीटर डोहर्टी यांचं. हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचे पशुवैद्य. गोचिडीमुळे मेंढ्यांना होणाऱ्या मेंदूज्वरावर त्यांनी १९७० साली एडिंबरात पीएचडी केली. पुढे कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल हे स्विस डॉक्टर त्यांचे सहकारी झाले. विषाणू टोचलेल्या उंदरांवर काम करताना दोघांना दिसलं, की प्रतिकारशक्तीच्या टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाहीत. बाधित पेशीवर विषाणूची आणि स्वतःच्या शरीराची अशा दोन्ही खुणा एकत्र दिसल्या, तरच त्या तिला मारतात. १९९६ साली दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारे डोहर्टी पहिले पशुवैद्य. मेंढ्यांच्या आजारावरचा प्रबंध हे काही वैद्यकशास्त्र नव्हे, असं म्हणून एखाद्या समितीने त्यांना दारातच अडवलं असतं तर?

आपल्यालाही असं एकत्र काम परकं नाही. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी माणूस, माकड आणि गोचीड यांचा एकत्र माग काढून माकडतापाचा विषाणू शोधला. तेच केंद्र आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. २०१६मध्ये हा ताप सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागांपर्यंत पोहोचला. त्याने ना राज्याची सीमा पाहिली, ना खात्याची.

नागपुरात माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२मध्ये झाली. चांगलंच झालं. पण संस्थेच्या इमारतीने जोडीने काम करणारे संशोधक आपोआप तयार होत नाहीत. त्यासाठी नाशिक आणि नागपूरच्या विद्यापीठांनी एवढंच ठरवावं: प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या आजारावरच्या प्रत्येक प्रबंधाला एक डॉक्टर आणि एक पशुवैद्य असे दोन गाइड असतील, आणि परवानग्यांचा अर्ज एकच असेल. याला नवी इमारत लागत नाही, दोन कुलगुरूंच्या सह्या लागतात.