वाळवणपेटी : भाजीपाला वाळविण्याचे एक शालेय साधन

हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यात मेथी, पालक, टोमॅटो यांची रेलचेल असते. आवक वाढून भाव कोसळला म्हणजे बाजारात नेलेला माल परत आणणेही शेतकऱ्यास परवडत नाही, आणि चांगली भाजी उकिरड्यावर जाते. पुढे विहिरी आटू लागल्या म्हणजे त्याच गावात मुलांच्या ताटात हिरवा पाला दिसेनासा होतो. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या आठही तालुक्यांतील शिक्षकांस हा अनुभव नवा नाही. जे डिसेंबरात वाया जाते ते मे महिन्यापर्यंत टिकविता आले, तर या अडचणीचा काही अंश तरी दूर होईल.

टिकविण्याची विद्या आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. कुरडया, सांडगे, पापड, खारवलेल्या मिरच्या, हरभऱ्याची वाळवलेली भाजी हे सर्व तिचेच प्रकार होत. परंतु उघड्या अंगणातील वाळवणावर धूळ बसते, माशा येतात, अवकाळी पावसाची सर आली तर सर्व श्रम फुकट जातात. शिवाय थेट उन्हाने पाल्याचा हिरवा रंग उडतो आणि ज्या पिवळसर द्रव्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते त्याचाही पुष्कळसा नाश होतो. हे दोष टाळण्यासाठी शाळेत करता येण्याजोगे साधन म्हणजे वाळवणपेटी.

तत्त्व. काचेतून सूर्यप्रकाश आत जातो, काळ्या पृष्ठभागावर पडून त्याची उष्णता बनते, आणि ती उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ होरास द सोस्यूर यांनी १७६७ साली काचेची झाकणे असलेली पेटी करून हे दाखविले होते. परंतु वाळविण्यास केवळ उष्णता पुरत नाही. हवा खेळती असावी लागते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ सामावू शकते. तीच हवा ५० अंशांपर्यंत तापली तर सुमारे ८३ ग्रॅम. म्हणजे तापलेली हवा अधिक तहानलेली असते. ती भाजीतील ओलावा घेऊन वरच्या भोकांतून बाहेर पडते आणि खालून कोरडी हवा आत येते. भोके बंद ठेवल्यास भाजी वाळण्याऐवजी उकडून निघेल.

साहित्य. जुन्या देवदारी खोक्यांच्या फळ्या किंवा प्लायवूड, खिडकीची ४ मिलिमीटर जाडीची काच, तेलाचा रिकामा डबा कापून सपाट केलेला पत्रा, मंद काळा रंग, बांबूच्या कामट्या, मच्छरदाणीची नायलॉनची जाळी, खिळे, बिजागऱ्या आणि ज्वारीच्या कडब्याची कोरडी कुट्टी. भाजी ठेवण्यास जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरू नये. टोमॅटोसारख्या आंबट पदार्थात जस्त विरघळते.

कृती. पेटी ९० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद करावी. पुढची भिंत २० व मागची ४२ सेंटिमीटर उंच ठेवावी. म्हणजे काचेस सुमारे २० अंशांचा उतार मिळतो. जालना शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ तितक्याच अंशांवर आहे, म्हणून हा उतार आपणांस सोयीचा. तळाशी कुट्टीचा ५ सेंटिमीटर थर पसरून त्यावर काळा रंग दिलेला पत्रा बसवावा. कुट्टीमुळे उष्णता खाली निसटत नाही. पत्र्याच्या वर १० सेंटिमीटर अंतर सोडून भिंतींस पट्ट्या ठोकाव्या आणि त्यांवर कामट्यांची जाळीदार चौकट सरकवावी. पुढच्या भिंतीत पत्रा व चौकट यांच्या मधल्या उंचीवर अडीच सेंटिमीटर व्यासाची आठ भोके पाडावी. मागच्या भिंतीत वरच्या कडेजवळ तशीच दहा. सर्व भोकांस आतून जाळी लावावी, म्हणजे माश्या व मुंगळे शिरणार नाहीत. मागच्या भिंतीतच, भोकांच्या खाली, चौकट आतबाहेर काढण्यापुरते बिजागरीचे दार करावे. रंग पूर्ण वाळून त्याचा वास जाईपर्यंत पेटी तीन-चार दिवस रिकामी उन्हात ठेवावी. काच शिक्षकांनी स्वतः बसवावी.

उपयोग. पेटीचे तोंड दक्षिणेस करावे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा मागील बाजूस एक-दोन विटा देऊन उतार वाढवावा. पाला निवडून स्वच्छ पाण्यात दोनदा धुवावा, फडक्यात बांधून उकळत्या पाण्यात एक-दीड मिनिट बुडवावा आणि निथळून एकेरी थरात पसरावा. उकळत्या पाण्याचे काम मोठ्यांनीच करावे. पाल्यावर अलगद गडद रंगाचे पातळ फडके घालावे, म्हणजे रंग व सत्त्व टिकते. टोमॅटोच्या चकत्या अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नसाव्या. एवढ्या पेटीत एका वेळी सुमारे एक किलो ओली भाजी घालावी. आत तापमापक ठेवावा. पाल्यासाठी ५० अंशांच्या आसपास आणि इतर भाज्यांसाठी ६० अंशांपर्यंत तापमान पुरे. त्याहून वाढल्यास मागचे दार किंचित उघडे ठेवावे. सायंकाळी चौकट घरात घ्यावी, कारण रात्रीचा दमटपणा भाजी पुन्हा शोषून घेते.

पारख व खबरदारी. पाला चुरडला असता कुरकुरून त्याचा चुरा व्हावा. मिरची हलविली असता बी खुळखुळावे. टोमॅटोची चकती वाकविताच मोडावी. वाळलेला पदार्थ पूर्ण थंड झाल्यावर काचेच्या बरणीत भरावा आणि आठ दिवस रोज पाहावा. बरणीच्या आतून दव दिसले तर तो पुन्हा वाळवावा. येथे हयगय चालणार नाही. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर किंवा शेंगदाण्यावर जी बुरशी चढते, तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतास घातक असून धुण्याने किंवा शिजविण्याने पुरते नाहीसे होत नाही. बुरशी दिसली तर ती बरणी पूर्णपणे टाकून द्यावी; वरचा भाग काढून उरलेला वापरू नये. शालेय पोषण आहारात वाळलेली भाजी घालावयाची असल्यास मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांनी ती आधी तपासावी.

अध्यापनातील स्थान. एक किलो मेथीच्या पाल्यात पाणी ८७ टक्के धरले, तर घन भाग १३० ग्रॅम. वाळल्यावर ७ टक्के पाणी उरले, तर पाल्याचे वजन किती भरेल? उत्तर सुमारे १४० ग्रॅम. म्हणजे ८६० ग्रॅम पाणी हवेत गेले. शेकडेवारीचे हे उदाहरण फळ्यावर सोडवून मग तराजूवर पडताळून पाहिले, तर मुले ते विसरणार नाहीत. रोज ठरलेल्या वेळी वजन करून आलेख काढावा. सलग दोन वजने सारखी आली म्हणजे वाळणे संपले. एक चौकट पेटीत व दुसरी अंगणात ठेवून रंग, धूळ व लागलेला वेळ यांची तुलना करावी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पेटीचा उतार ऋतुमानाप्रमाणे का बदलावा हे तेव्हा वेगळे सांगावे लागत नाही.

हे केवळ शाळेपुरते काम नव्हे. सौर वाळवणयंत्रांच्या साहाय्याने ग्रामीण स्त्रियांना भाजीपाला टिकवून विकण्याचा उद्योग मिळवून देणाऱ्या ‘एस फोर एस टेक्नॉलॉजीज’ या महाराष्ट्रातील उपक्रमास २०२३ साली ‘अर्थशॉट’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. शेतमालाविषयी अधिक माहितीसाठी खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राकडे विचारणा करता येईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पेटी तयार केल्यास फेब्रुवारीअखेरपर्यंत मेथी, पालक व शेवग्याचा पाला वाळविण्यास पुरेसा अवधी मिळतो. प्रत्येक बरणीवर पदार्थाचे नाव, ओले व कोरडे वजन आणि वाळविल्याची तारीख लिहावी, आणि ही नोंदवही पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या स्वाधीन करावी.