दोर, गाठ आणि कलम : गुडघ्याच्या अस्थिबंधाची पुनर्रचना

बालरोगतज्ज्ञाने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर लेखणी चालवावी, हे आपल्यातील अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु या विषयाकडे मला एका चुकीने वळविले, आणि ती चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी १२ वर्षांची एक मुलगी खो-खो खेळताना गुडघा मुरगळला म्हणून माझ्याकडे आली. जन्मापासून ती माझीच पेशंट. खांबापाशी वळताना पाऊल जमिनीत रोवलेले राहिले, शरीर फिरले आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला, असे तिने आपणहून सांगितले. दोन तासांतच गुडघा टम्म सुजला होता. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसल्यावर मी निश्चिंत झालो आणि क्रेप बँडेज व विश्रांती सांगून तिला घरी पाठविले. मुलांचे अस्थिबंध तुटत नाहीत, हाड आधी मोडते, हे विद्यार्थिदशेतले वाक्य डोक्यात पक्के बसले होते. तीन महिन्यांनी, जिना उतरताना गुडघा निसटतो, अशी तक्रार घेऊन ती पुन्हा आली. एमआरआयमध्ये अँटिरिअर क्रुसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटलेले दिसले. मधल्या काळात त्या अस्थिर गुडघ्याने आतील मेनिस्कसची गादीही फाडली होती.

शस्त्रक्रिया ठरली तेव्हा तिचे वडील मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खर्चाची चिंता नको. सगळ्यांत मजबूत असेल तोच दोर घालायला सांगा." हा प्रश्न स्वाभाविक आहे, त्याचे उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही.

दोराचे बळ

एसीएल मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडाकडे तिरपे उतरते. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवून वळताना गुडघा फिरून निसटू नये, ही त्याची कामगिरी. ते पूर्ण तुटल्यावर नुसते टाके घालून सहसा सांधत नाही. म्हणून त्या जागी रुग्णाच्याच शरीरातील एखादी कंडरा बसवितात. हाच ग्राफ्ट.

प्रयोगशाळेत यंत्रावर ताणून ही बळे मोजलेली आहेत. १९९१ साली वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मापनात २२ ते ३५ वयोगटातील एसीएल सरासरी २१६० न्यूटन, म्हणजे साधारण २२० किलो वजनाइतका ताण सोसून तुटले. नेहमीच्या चालण्यात त्यावर पडणारा ताण काहीशे न्यूटनच असतो. गुडघ्याच्या वाटीखालच्या पटेलर टेंडनची दहा मिलिमीटर रुंदीची पट्टी सुमारे २९७७ न्यूटन सोसते. क्वाड्रिसेप्स कंडरेचा आकडा सुमारे २३५० आहे. मांडीच्या मागील हॅमस्ट्रिंगच्या दोन कंडरा दुमडून चार पदरी केल्या, तर ४०९० न्यूटनपर्यंत मजल जाते; मात्र चारही पदर सारखे ताणलेले असतील तरच. एक पदर सैल राहिला की भार उरलेल्या तिघांवर पडतो.

म्हणजे तीनही ग्राफ्ट मूळ अस्थिबंधापेक्षा बळकट. मग प्रश्न मिटला का? नाही. हे सारे आकडे शस्त्रक्रियेच्या दिवशीचे, तेही केवळ दोराचे आहेत.

गाठ

दोर कितीही भक्कम असो, गाठ सुटली की घागर विहिरीतच जाते. ग्राफ्ट हाडातील बोगद्यात स्क्रूने किंवा बटणासारख्या धातूच्या तुकड्याने अडकवलेला असतो, आणि पहिले काही आठवडे ही गाठच सर्वांत दुबळी कडी असते. पटेलर टेंडनच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. हाडाला हाड मोडलेल्या अस्थीसारखे सहा ते आठ आठवड्यांत जुळते. हॅमस्ट्रिंगची मऊ कंडरा हाडाला चिकटायला आठ ते बारा आठवडे, कधी अधिकही लागतात. चार हजार न्यूटनचा दोर तोवर आपले बळ वापरूच शकत नाही.

कलम

ग्राफ्ट हा शब्द माळ्याच्या कलमासाठीही आहे, आणि इथे तोच अर्थ खरा ठरतो. मूळ जागेवरून सोडवलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिच्यातील बहुतेक पेशी मरतात. पुढे सांध्याच्या अस्तरातून नव्या रक्तवाहिन्या व पेशी तिच्यात शिरतात, जुने कोलॅजन मोडून नवे विणतात. या प्रक्रियेला लिगामेंटायझेशन म्हणतात. गंमत अशी, की याच काळात, सुरुवातीच्या काही महिन्यांत, ग्राफ्टचे बळ पहिल्या दिवसापेक्षा खाली येते. आणि नेमका याच वेळी सूज ओसरलेली असते, वेदना थांबलेली असते, आणि मुलाला मैदान दिसू लागते.

१९८० च्या दशकात कार्बन तंतू, गोर-टेक्स असे कृत्रिम अस्थिबंध वापरले गेले. पहिल्या दिवशी ते बळकट होते. परंतु त्यांना पालवी फुटणार नव्हती. लाखो वेळा वाकून ते झिजले, त्यांच्या कणांनी सांध्यात दाह निर्माण केला, आणि बहुतेक मागे पडले. मृत दात्याच्या कंडरांचाही अनुभव तरुण खेळाडूंमध्ये चांगला नाही. त्या स्वतःच्या कंडरेच्या तुलनेत बऱ्याच अधिक वेळा तुटतात.

कोठून काढावा?

ग्राफ्ट घेतला तेथेही काही किंमत मोजावी लागते. पटेलर टेंडन घेतल्यास गुडघे टेकताना दुखू शकते. पूजेला, नमाजाला, कामाला रोज गुडघे टेकणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे. हॅमस्ट्रिंग नडगीला मागे खेचतात, म्हणजे त्या एसीएलचेच मदतनीस. त्यांचे बळ थोडे कमी होते. क्वाड्रिसेप्सची कंडरा जाड व टेकण्याच्या जागेपासून दूर असते, पण मांडीचा पुढचा स्नायू काही काळ दुबळा राहतो. सर्वांसाठी एकच उत्तम असा ग्राफ्ट नाही.

मुलांमध्ये याहून मोठा प्रश्न वृद्धिपट्टिकेचा. पायाच्या वाढीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग गुडघ्याभोवतीच्या दोन पट्टिकांतून, वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर या गतीने होतो. हाडाचा तुकडा किंवा स्क्रू पट्टिकेच्या आरपार बसला तर तेथे हाडाचा पूल तयार होऊन पाय आखूड वा वाकडा होऊ शकतो. म्हणून वाढत्या वयात पटेलर टेंडन टाळतात. वाढ बरीच शिल्लक असलेल्या लहान मुलांत मांडीच्या बाहेरील इलिओटिबियल पट्टा हाडात बोगदा न पाडताच वळवून बसवितात. वाढ संपत आलेल्यांत हॅमस्ट्रिंगसारखी मऊ कंडरा, बारीक आणि शक्य तितक्या उभ्या बोगद्यातून नेऊन पट्टिकेपासून दूर अडकवितात. पूर्वी वाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा प्रघात होता. परंतु अस्थिर गुडघा दरम्यान मेनिस्कस व कूर्चा झिजवितो, हे कळल्यावर तो मागे पडत गेला.

आमच्या मुलीसाठी सर्जननी हॅमस्ट्रिंगच निवडला आणि मेनिस्कसला टाके घातले. पाचव्या महिन्यात ती धावू लागली आणि शाळेच्या स्पर्धेत उतरू द्या म्हणून वडील माझ्याकडे आले. मी त्यांना कलमाची गोष्ट सांगितली. नऊ महिन्यांपूर्वी मैदानात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच अधिक असते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-अमेरिका अभ्यासात दिसले आहे. प्रत्येक महिना थांबल्याने धोका जवळजवळ निम्म्याने उतरत होता. ती स्पर्धा तिने बाकावर बसून पाहिली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वर्षभराने, दोन्ही पायांचे बळ सारखे झाल्याची चाचणी झाल्यावर, ती पुन्हा खुंटाजवळ उभी राहिली. तिच्या पायांची लांबी मी वाढ थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी मोजत राहिलो.

आपल्यापैकी बालरोगतज्ज्ञ व कौटुंबिक डॉक्टर मित्रांना एवढीच विनंती. पाय रोवून वळताना आवाज झाला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर ते रक्त आहे असे समजावे आणि 'मुरगळला' हा शब्द लिहिण्यापूर्वी थांबावे. सूज असह्य असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावून लॅकमन चाचणी करावी. ती करायला एक मिनिटही लागत नाही. मी ती केली असती, तर त्या मुलीची मेनिस्कस कदाचित वाचली असती.