उचलपूल

नदी, कालवा, खाडी किंवा खंदक यांवरून रस्त्याची वाहतूक नेणाऱ्या, पण गरजेप्रमाणे ज्याचा एक भाग उचलून मार्ग मोकळा करता येतो किंवा बंद करता येतो अशा पुलास उचलपूल म्हणतात. चल पुलांचा हा सर्वांत जुना प्रकार होय. उभ्या अक्षाभोवती फिरणारा, सबंध गाळाच सरळ वर चढणारा आणि तरत्या आधारांवरील भाग बाजूस ओढून घेतला जाणारा, असे चल पुलांचे इतर प्रकार आहेत. व्यवहारात या सर्वांना सैलपणे उचलपूल म्हटले जाते.

एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या पुलांचे हेतू मात्र परस्परविरोधी आहेत. किल्ल्याचा उचलपूल वाट अडविण्यासाठी असतो, तर नदीवरचा वाट देण्यासाठी. यंत्ररचनेचे मूळ दोहोंत एकच आहे. किल्ल्याच्या पुलाची लाकडी झडप दरवाजाच्या उंबरठ्याशी बिजागरीवर बसविलेली असे. तिच्या पुढच्या टोकास बांधलेल्या साखळ्या आत नेऊन रहाटाला गुंडाळीत. झडप आडवी असताना ओढ सर्वांत जास्त लागते व ती उभी होत जाईल तशी ओढ कमी होते. म्हणजे आरंभीचा क्षणच सर्वांत अवघड, आणि शत्रू दाराशी असताना तोच नेमका कमीत कमी वेळात पार पाडावयाचा असे. उभी राहिलेली झडप दरवाजावर दुसरे दार म्हणून बसे.

आधुनिक उचलपूल तराजूच्या तत्त्वावर चालतो. समजा, झडपेचे वजन १०० टन असून तिचा गुरुत्वमध्य धुऱ्यापासून १२ मी. पुढे आहे. धुऱ्याच्या मागे ४ मी. अंतरावर ३०० टनांचा प्रतिभार ठेवल्यास दोन्ही बाजूंची परिबले सारखी होतात. झडप वर चढते तसे दोन्ही परिबले एकाच प्रमाणात घटतात, त्यामुळे कोणत्याही कोनात तोल बिघडत नाही. यंत्राला मग फक्त घर्षण, वाऱ्याचा दाब आणि जडत्व यांवर मात करावी लागते. प्रतिभार खाली उतरण्यासाठी खांबाच्या पोटात मोठी पोकळी ठेवावी लागते व ती नदीच्या पाण्याखाली असल्याने जलाभेद्य राखणे हे खर्चाचे काम ठरते. विल्यम शेर्झर या अमेरिकी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावर उपाय काढला. त्याच्या रचनेत झडप धुऱ्याभोवती न फिरता वक्र टाचेवर, डोलखुर्चीप्रमाणे, मागे लोळते.

मराठवाड्यात उचलपुलाचा विचार करावयाचा तो भुईकोट किल्ल्यांच्या संदर्भातच. निलंगा परिसरातील औसा व उदगीर, उत्तरेकडील कंधार आणि पश्चिमेकडील परंडा हे किल्ले सपाटीवर असल्याने खंदक हेच त्यांचे मुख्य नैसर्गिक अडथळ्याच्या जागी येणारे साधन होते. नळदुर्गला बोरी नदीचाच संरक्षणासाठी उपयोग करून घेतला आहे. तेथील पाणीमहालासह बांधलेला धरणबंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातील होय. देवगिरी (दौलताबाद) येथे डोंगराचा पायथा तासून खंदक खोदलेला असून, त्यातील पाण्याची पातळी वाढवून वरचा अरुंद दगडी पूल बुडविता येई, असे सांगतात. तसे असेल, तर पूल उचलण्याऐवजी पाणीच उचलण्याची ही युक्ती कोणत्याही रहाटापेक्षा भरवशाची म्हणावी लागेल. प्रत्येक खंदकावर साखळ्यांचा उचलपूल होताच असे मात्र समजू नये. तुळया व फळ्या प्रसंगी काढून घेता येतील असा साधा काढता पूल याच कामी येतो. लाकूड कुजते आणि लोखंड काढून नेले जाते. परिणामी खंदक व दरवाजे शिल्लक राहतात, पूल राहत नाहीत.

याच प्रदेशातील नद्यांवर उचलपूल का नाहीत, याचे उत्तर पाण्यात आहे. निलंगा तालुक्यातून वाहणाऱ्या मांजरा व तेरणा पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात त्यांचे पात्र ठिकठिकाणी उघडे पडते. अशा नद्यांतून गलबते जात नाहीत. नदी आडवी ओलांडणे एवढाच प्रश्न उरतो. तो पूर्वी उतार, होडी किंवा भोपळ्यांची सांगड यांनी व पुढे फरशी पुलाने सोडविला गेला. फरशी पुलावरून पूर वाहून जातो. येथे वाट पाहावी लागते ती नदी ओसरण्याची, जहाज जाण्याची नव्हे.

नौकानयनास योग्य नदी व गजबजलेला रस्ता यांचा खरा संघर्ष भारतात कलकत्त्यास (आता कोलकाता) हुगळी नदीवर दिसून आला. सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्या आराखड्यानुसार बांधलेला हावडा येथील तरता पूल ऑक्टोबर १८७४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच वर्षी मार्चमधील चक्रीवादळात दोर तुटलेले एक जहाज आदळून त्याची मोठी हानी झाली होती. पुलाची लांबी १,५२८ फूट (सु. ४६६ मी.) व रुंदी ६२ फूट (सु. १९ मी.) होती. जहाजांसाठी मधला २०० फुटांचा (सु. ६१ मी.) भाग सोडवून बाजूस नेत. १९०६ पर्यंत हे काम फक्त दिवसा होई व तेवढा वेळ दोन्ही तीरांवर रहदारी खोळंबे. त्या वर्षापासून समुद्रगामी आगबोटी वगळता इतर जहाजांसाठी पूल रात्री उघडू लागला. बैलांना मात्र यापेक्षा वेगळाच जाच होता. तरता पूल भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत असल्याने त्याच्या टोकांचे चढ-उतार बदलत, आणि ऑगस्ट १९०६ मधील सर्वाधिक रहदारीच्या दिवशी केलेल्या मोजणीत वाहनांचे तेरापैकी आठ भाग बैलगाड्या होत्या. या पुलाची जागा ३ फेब्रुवारी १९४३ रोजी खुल्या झालेल्या, खालून जहाजे जाऊ देणाऱ्या स्थिर पोलादी पुलाने घेतली. उंची परवडली की चल पुलाची गरज संपते, याचे हे ठळक उदाहरण होय.

लंडनचा टॉवर पूल (१८८६–९४) या प्रकारात सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याच्या प्रत्येकी हजार टनांहून अधिक वजनाच्या दोन झडपा आरंभी वाफेच्या एंजिनांनी दाब दिलेल्या पाण्याच्या शक्तीवर उचलल्या जात. १९७६ पासून वीज व तेल यांचा वापर होतो. तेथे नदीतील वाहतुकीस रस्त्यापेक्षा अग्रक्रम आहे. जहाजाने किमान २४ तास आधी सूचना दिली म्हणजे झाले, शुल्क पडत नाही. ३० डिसेंबर १९५२ रोजी एक दुमजली बस पुलावर असतानाच झडप उचलू लागली. चालक ॲल्बर्ट गंटर याने वेग वाढवून गाडी पलीकडच्या झडपेवर उडविली व सर्व उतारू बचावले. त्याला १० पौंड बक्षीस मिळाले.

कोची बंदरात विलिंग्डन बेट व मट्टांचेरी यांना जोडणाऱ्या जुन्या रस्ता-पुलाचा मधला गाळा नौकांसाठी उचलण्याची सोय होती. रेल्वेसाठी बांधलेला पांबन पूल (१९१४) शेर्झर पद्धतीचा होता. डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळात त्याचे बहुतेक गाळे वाहून गेले, पण उचलता गाळा टिकला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील गाड्या बंद करण्यात आल्या व शेजारच्या नव्या पुलाचे उद्‌घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले. या नव्या पुलाचा ७२·५ मी. लांबीचा गाळा आडवा राहूनच सु. १७ मी. वर चढतो.