चुकलेले साल

इटलीतल्या तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कारखान्यातला कामगार १७ मार्च १९४९ रोजी, नाटोविरोधी निदर्शनात, पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा अनेकांनी तो १९५३च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात गेल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी हे साल का सरकले, याचाच शोध घेतला. साथीदाराच्या मृत्यूला तेव्हा उत्तर देता आले नाही, ही बोच होती. मोठ्या लढ्याशी जोडल्यावर त्या मृत्यूला अर्थ आला.

मौखिक इतिहास शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. आपल्या हैदराबादेतलेच पाहा. ‘पोलीस ॲक्शन झाली नि मराठवाडा तुटला’ असे आजी म्हणाली, तर ‘अगं, ते छप्पन्न साली’ म्हणून तिला मध्येच अडवू नका. १९४८ आणि १९५६ तिच्या मनात कशाने जुळले? ‘तेव्हा घरात काय चाललं होतं?’ एवढेच विचारा, आणि गप्प बसा. (हे सर्वांत अवघड.) खरे साल टिपणात नोंदवता येते. तिच्या बोलण्यातले उर्दू-तेलुगू शब्द तसेच उतरवा. ध्वनिमुद्रणाला संमती मात्र आधी घ्या, घरच्या माणसाचीही.