पत्ता फाइलीत, ब्राउझरची निवड आपल्या हाती

वारंवार लागणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता दर वेळी लिहीत बसण्याऐवजी तो शॉर्टकट म्हणून संगणकाच्या डेस्कटॉपवर साठवून ठेवण्याची पद्धत आता घरोघरी व कचेऱ्यांतून रूढ झाली आहे. पुष्कळदा त्यावर टिचकी मारताच पान नको असलेल्या ब्राउझरमध्ये उघडते. अशा वेळी साठवलेले सर्व शॉर्टकट नव्याने तयार करावे लागतील, असा अनेकांचा समज होतो. तो निराधार आहे.

फाइलीत काय असते?

विंडोज प्रणालीतील असा शॉर्टकट म्हणजे अवघ्या काही ओळींची मजकुराची फाइल होय. तिच्या नावाचा शेवट ‘यूआरएल’ या अक्षरांनी होतो; मात्र विंडोज ती अक्षरे पडद्यावर दाखवीत नाही. फाइलीत संकेतस्थळाचा पत्ता असतो. पान नसते आणि ब्राउझरचे नावही नसते. फाइल उघडताच विंडोज पत्ता वाचते आणि ‘एचटीटीपी’ व ‘एचटीटीपीएस’ या पत्त्यांसाठी जो ब्राउझर नेमलेला असेल, त्याच्याकडे तो सोपविते. म्हणून बदल फाइलीत नव्हे, तर या नेमणुकीत करावयाचा असतो.

बदल कोठे करावा?

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’ व ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ या क्रमाने जावे, यादीतून हवा तो ब्राउझर निवडावा आणि वरच्या बाजूचे ‘सेट डिफॉल्ट’ हे बटण दाबावे. मॅक संगणकावर हीच सोय ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘डेस्कटॉप अँड डॉक’ या विभागात आहे. एवढे केले की जुने शॉर्टकटही आपोआप नव्या ब्राउझरमध्ये उघडू लागतात. ‘यूआरएल’ हा फाइलीचा प्रकार मात्र दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडू नये. तसे केल्यास शॉर्टकट नीट चालेनासे होतात. ब्राउझरने स्वतःच्या अ‍ॅपसाठी तयार केलेले शॉर्टकट त्याच ब्राउझरशी बांधलेले असतात. त्यांना हा बदल लागू होत नाही.

एखादेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहावयाचे असल्यास शॉर्टकटवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि तेथील पत्ता उतरवून त्या ब्राउझरमध्ये घालावा.

परक्या फाइलीबाबत सावधगिरी

प्रॉपर्टीज पाहण्याची हीच सवय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही मोलाची आहे. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त करण्यात आला. तथापि त्याचे काही भाग विंडोजमध्ये कायम राहिले. विशिष्ट रीतीने लिहिलेल्या पत्त्याचा शॉर्टकट पीडीएफ दस्तऐवजाच्या चिन्हाआड पाठवून त्या जुन्या ब्राउझरलाच जागे करण्याचे प्रकार उघडकीस आले. नेमलेला ब्राउझर कितीही नवा असला, तरी अशा फाइली त्याला वळसा घालीत. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ च्या सुधारणांत ही त्रुटी दूर केली. ज्या संगणकावर त्या सुधारणा चढविलेल्या नाहीत, तेथे धोका कायम आहे.

यास्तव संगणकाच्या सुधारणा वेळच्या वेळी चढवाव्यात आणि दुसऱ्याकडून आलेला शॉर्टकट उघडण्यापूर्वी त्यातील पत्ता वाचावा. पत्ता ओळखीचा नसेल, तर फाइल न उघडता काढून टाकणे श्रेयस्कर ठरते.