सोपा कोणाला, अवघड कोणाला?

गणपतीच्या मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला काय म्हणतात? पर्याय चार: घडण, लिंपण, आखणी, कोरणी. पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या गावांत हा प्रश्न विचारला, तर चौथा पर्याय वाचून होण्याआधीच उत्तर येईल. तिथे वर्षभर गणपतीचे कारखाने चालतात. साच्यातून निघालेली मूर्ती सुकते, घासली जाते, रंगते आणि सगळ्यात शेवटी अनुभवी हात तिचे डोळे रेखतो. ती आखणी. कारखान्याच्या अंगणात वाढलेल्या पोराला हा शब्द मुद्दाम कोणी शिकवलेला नसतो. हाच प्रश्न एखाद्या अभ्यासू पदवीधराला दिल्लीत किंवा भोपाळमध्ये विचारला, तर त्याला लाइफलाइन घ्यावी लागेल आणि तीही बहुधा वाया जाईल. मग करोडपतीसारख्या कार्यक्रमात या प्रश्नाची जागा कुठे? पाच हजारांच्या पायरीवर की पन्नास लाखांच्या?

असे कार्यक्रम पाहणाऱ्यांमध्ये रोज रात्री हाच वाद रंगतो. 'पंचवीस लाखांना इतका सोपा प्रश्न?' असं एक जण म्हणतो. 'आज मुद्दाम अवघड विचारलं, बिचाऱ्याला घरी पाठवायचं होतं,' असं दुसरा म्हणतो. दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. दगडाला वजन असावं तसा प्रश्नाला अवघडपणा असतो आणि तो तराजूत टाकला की कोणालाही सारखाच भरतो, ही ती गोष्ट. मला ती मान्य नाही. अवघडपणा प्रश्नाच्या अंगात नसतो. प्रश्न जिथून निघाला ती जागा आणि उत्तर देणारा जिथे उभा आहे ती जागा, यांच्यामध्ये जेवढी वाट असते तेवढा प्रश्न अवघड. म्हणून प्रश्नांच्या काठिण्यपातळीवर बोलताना आधी हे विचारायला हवं की ही वाट मोजायला सुरुवात कुठून केली.

'कौन बनेगा करोडपती' 3 जुलै 2000 रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. त्यांचा एक कोटीचा प्रश्न असा होता की संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना यांपैकी कोणाला देते? उत्तर होतं, महान्यायवादी. घटनेच्या अठ्ठ्याऐंशीव्या अनुच्छेदात ही तरतूद आहे. महान्यायवादी दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, मत मात्र देऊ शकत नाहीत. नवाथे त्या वेळी नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होते. घटनेचे अनुच्छेद उलटसुलट घोकणाऱ्या मुलांसाठी हा रोजच्या वाचनातला प्रश्न आहे. नफ्यातोट्याचं गणित तोंडी करणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याला तोच प्रश्न एक कोटीलाच शोभेल. याने नवाथेंचं यश तसूभरही उणं होत नाही, कारण त्या पायरीपर्यंत येताना चौदा निरनिराळ्या वाटा त्यांनी चालून संपवल्या होत्या. पण पंधरावी वाट त्यांच्या अभ्यासाच्या खोलीतूनच जात होती, हेही खरं.

2011 मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले. 16 ऑक्टोबर 1868 रोजी निकोबार बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी देशाने भारतातला आपला संबंध संपवला, असा त्यांचा शेवटचा प्रश्न होता. उत्तर डेन्मार्क. आपल्या शालेय इतिहासात पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि फ्रेंच ठळक असतात, डॅनिश लोक एखाद्या ओळीत येऊन जातात. त्यातून रायगडच्या किनाऱ्यावर रेवदंड्याचा कोट आणि समोरचा कोर्लई किल्ला पाहत वाढलेल्या माणसाच्या मनात परका सत्ताधारी म्हटलं की पोर्तुगीजच उभा राहतो. मात्र तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला डॅनिशांनी बांधलेला किल्ला आजही समुद्राकाठी उभा आहे. त्या गावच्या मुलाला हा प्रश्न पाच कोटींचा कसा वाटेल? आणि 2019 मध्ये एक कोटी जिंकलेल्या बबिता ताडे पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या शाळेत त्या मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने 1857 च्या उठावाच्या आठवणी 'दास्तान-ए-गदर' या नावाने लिहिल्या, असं त्यांना विचारलं गेलं. उत्तर होतं जहीर देहलवी. उर्दूच्या विद्यार्थ्याला हे नाव घरचं. अंजनगावच्या स्वयंपाकघरापासून जुन्या दिल्लीच्या त्या दरबारापर्यंतची वाट फार लांबची होती आणि ताडेंनी ती पार केली. त्या रकमेचा खरा मान मला या अंतरात दिसतो.

अंतराइतकंच महत्त्व पर्यायांना आहे, आणि पाहणाऱ्यांच्या वादात नेमकं तेच निसटतं. ताडेंपुढे नंतर सात कोटींचा प्रश्न आला. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? पर्याय होते राजस्थान, बिहार, पंजाब आणि आंध्र प्रदेश. त्यांनी एक कोटी घेऊन थांबणं पसंत केलं. उत्तर बिहार, कारण झाकिर हुसेन आणि रामनाथ कोविंद हे दोघे तिथे राज्यपाल होते. आता उरलेले पर्याय तपासा. राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील होत्या. शंकरदयाळ शर्मा आधी आंध्रचे आणि मग पंजाबचे राज्यपाल होते. म्हणजे चुकीच्या प्रत्येक दारामागे एक एक खरा राष्ट्रपती उभा आहे. अर्धवट माहिती असणारा माणूस कोणतंही दार उघडतो आणि आत त्याला ओळखीचा चेहरा दिसतो. याच प्रश्नाला गोवा, मिझोराम आणि नागालँड असे पर्याय जोडले असते, तर तो काही हजारांचाही राहिला नसता. प्रश्नाचं वाक्य तेच, उत्तर तेच, पण काठिण्य आकाशपाताळाएवढं वेगळं. चांगला प्रश्नकर्ता अर्धी मेहनत चुकीची उत्तरं शोधण्यावर घेतो, ती यासाठी.

प्रेक्षकांच्या मतांची लाइफलाइन हेच दाखवते. याच धर्तीच्या अमेरिकेतल्या कार्यक्रमाबद्दल जेम्स सुरोविकी यांनी 2004 च्या पुस्तकात आकडे दिले आहेत. फोनवरचा जाणकार सुमारे 65 टक्के वेळा बरोबर निघाला, तर स्टुडिओत सहज येऊन बसलेला जमाव 91 टक्के वेळा. हे गणित साधं आहे. शंभर जणांपैकी वीसच जणांना उत्तर ठाऊक असेल आणि उरलेले ऐंशी चारही पर्यायांवर सारखे विखुरले, तर बरोबर पर्यायाला चाळीस मतं पडतात आणि बाकीच्यांना वीस वीस. पण हे तेव्हाच घडतं, जेव्हा न कळणारे खरोखर विखुरतात. विनोबा भावे यांचा जन्म कुठे झाला, असं विचारून पवनार, वर्धा, बडोदा आणि गागोदे हे पर्याय दिले तर काय होईल? पवनारचा आश्रम सर्वांनी ऐकलेला आहे. न कळणारी मतं विखुरणार नाहीत, ती पवनारकडे वाहत जातील आणि जमाव ठामपणे चुकेल. विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्याला झाला. पेणच्या शाळकरी मुलाला हे सांगायला जमावाची गरज नाही.

घरी बसून पाहणाऱ्याला प्रश्न सोपे का वाटतात, याचंही उत्तर संशोधनात सापडतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना 1814 च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली आणि चार संभाव्य शेवट पुढे ठेवले. काहींना कोणताच शेवट सांगितला नाही. काहींना चारांपैकी एक शेवट प्रत्यक्षात घडला असं सांगितलं आणि तो माहीत नसता तर तुम्ही कितपत शक्य मानला असता, हे विचारलं. ज्यांना जो शेवट सांगितला होता, त्यांना तोच अधिक शक्य वाटला. उत्तर कळल्यावर अज्ञानात परत जाता येत नाही. पडद्यावर हिरवा रंग उमटला की 'हे मला येतच होतं' असं वाटणं ही फुशारकी नसते, मनाची घडणच तशी आहे. त्यात हॉटसीटवरच्या माणसाला घड्याळ असतं आणि चुकलं तर हातातली रक्कम जाते. सोफ्यावर बसलेल्याला यातलं काहीच नसतं. तेव्हा आपल्याला प्रश्न खरोखर सोपा होता का, हे ताडून पाहायचं असेल, तर उत्तर दिसण्याआधी कागदावर लिहून ठेवावं. त्या कागदावरचा हिशेब बहुतेक घरांत वेगळा निघेल.

यावर एक रास्त हरकत अशी की हे सगळं सापेक्ष मानलं, तर काठिण्य मोजताच येणार नाही, आणि परीक्षा घेणारे तर ते रोज मोजतात. मोजतात हे खरं. एखादा प्रश्न शंभर जणांना दिला आणि नव्वदांनी सोडवला तर तो सोपा, दहांनी सोडवला तर अवघड, ही सरळ रीत आहे. पण या मापातच माझा मुद्दा बसलेला आहे. शंभर जण कोण, हे ठरवल्याशिवाय आकडा निघत नाही. स्पर्धा परीक्षेच्या वर्गातले शंभर घेतले तर महान्यायवादी नव्वदांना येतील, कारखान्यातले शंभर घेतले तर आखणी शंभरांना. करोडपतीची शिडी रचणारा माणूस मनात कोणते तरी शंभर धरूनच ती रचतो. हे शंभर बहुतेकदा शहरातले असतात, हिंदी सिनेमा आणि क्रिकेट पाहणारे, वर्तमानपत्र वाचणारे, घटनेचा आणि इतिहासाचा क्रमिक अभ्यास केलेले. म्हणून सिनेमाचे प्रश्न खालच्या पायऱ्यांवर येतात, आणि भात, मासे, माती, लाकूड यांविषयीचे प्रश्न आलेच तर वरच्या पायऱ्यांवर जातात. खालच्या पायरीवर पडद्यावरच्या नटाचं नाव न आल्याने घरी गेलेला शेतकरी अडाणी ठरतो. पन्नास लाखांच्या पायरीवर भाताच्या वाणाचं नाव न आल्याने थांबलेला अधिकारी मात्र आपल्याला हुशारच वाटतो, कारण प्रश्नच अवघड होता. शिडीची ही रचना मला अन्यायाची वाटते.

दुसरी हरकत याहून वजनदार आहे. सामान्य ज्ञान म्हणजे सर्वांचं ज्ञान. सगळा देश पाहतो त्या कार्यक्रमात जोह्याच्या कारखान्यातला शब्द विचारणं योग्य कसं? घटना, भूगोल, स्वातंत्र्यलढा यांची माहिती प्रत्येक नागरिकाला असावी आणि तीच विचारावी, असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. खालच्या आणि मधल्या पायऱ्यांसाठी तर हे अगदी बरोबर आहे. पण वरच्या पायऱ्या तशा नसतातच. तिथे जहीर देहलवी येतात, निकोबारचा विक्रीव्यवहार येतो. 2000 मध्ये ब्रिटनमध्ये ज्यूडिथ केपल दहा लाख पौंड जिंकल्या तेव्हा एलेनॉर ऑफ अ‍ॅक्विटेन ही कोणत्या राजाची राणी, असं विचारलं होतं आणि दुसरा हेन्री हे उत्तर होतं. वरचा प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या गावचा, पेशाचा किंवा ग्रंथालयाचा स्थानिकच असतो. दिल्लीच्या दरबाराचं स्थानिक ज्ञान आपण विद्वत्ता मानतो आणि पेणच्या कारखान्याचं स्थानिक ज्ञान किरकोळ मानतो. हा भेद काठिण्याचा नाही, प्रतिष्ठेचा आहे.

अर्थात जवळ असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, याचं उदाहरण याच परिसरात आहे. चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तोंडपाठ. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ठाऊक असलेल्यांना सोपं. त्यांचं बालपण रोह्यात गेलं, वडील तिथे वकिली करायचे, हे रोहेकरांना सोपं. पण जन्म कुठला, असं विचारलं तर रोहेकर अभिमानाने रोहा म्हणेल आणि चुकेल, कारण तो महाडजवळच्या नाते गावचा. एकाच माणसावर चार प्रश्न, चारांची काठिण्यपातळी वेगळी, आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात जवळच्यालाच फसवणारा. मला असे प्रश्न फार आवडतात. ते पाठांतराला दाद देत नाहीत, माहिती पुन्हा तपासायला लावतात.

मराठीत 2013 मध्ये सचिन खेडेकरांनी आणि 2019 मध्ये नागराज मंजुळे यांनी हा खेळ आपल्या भाषेत घरोघरी नेला. हिंदीत विचारायला अडचणीचे वाटणारे शब्द मराठी मंचावर सहज विचारता येतात, ही त्याची खरी ताकद. तिच्या जोरावर प्रश्नकर्त्यांनी आपले शंभर जण बदलायला हवेत. सावंतवाडी, पंढरपूर, गडचिरोली, धुळे आणि पेण इथल्या माणसांना प्रश्न आधी देऊन पाहावेत आणि मगच पायरी ठरवावी. बहुतेक गावांना आळीपाळीने अवघड जाईल अशी शिडी मग रचता येईल. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांशी जन्माचं किंवा बालपणाचं नातं असलेल्या किती जणांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हा प्रश्न त्या शिडीवर कुठे बसेल, याची मला उत्सुकता आहे. विनोबांना 1958 मध्ये, चिंतामणरावांना 1959 मध्ये आणि रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांना 1996 मध्ये तो मिळाला. उत्तर तीन. पर्याय मात्र एक, दोन, तीन आणि चार असेच द्यावेत, म्हणजे एखादं नाव विसरलेल्यालाही आपलं उत्तर समोर दिसेल.